गरम डावीकडे, गार उजवीकडे: नवं बाथरूम करताना नळांच्या बाजू कशा सांभाळायच्या

कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करून घेतलं, त्याला आता सहा वर्षं झाली. टाइल्स बसल्या, मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करून देणारा नळ) लागला, घरात सगळे खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली आणि पाच मिनिटांत आतून तिची किंकाळी ऐकू आली. तोंडाला साबण लावलेला, डोळे मिटलेले. चेहरा धुवायला तिने सवयीने गाराची म्हणून उजवी चावी सोडली आणि ओंजळ पुढे केली. गिझर त्याच भिंतीवर, मधे जेमतेम चार फूट पाइप. कढत पाणी यायला दोन-तीन सेकंद पुरले. तळहातावर आणि मनगटावर फोड आले, पंधरा दिवस तिला पोळपाटाला हात लावता आला नाही. चावीवर निळा ठिपका होता, तोही अगदी योग्य जागी. भिंतीतले पाइप तेवढे उलटे आले होते.

तेव्हापासून नात्यात, ओळखीत कुणाचं बाथरूम काढलं की टाइल्स बसायच्या आधी मी एकदा जाऊन बघून येतो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी किंवा फ्लॅटचं बाथरूम पहिल्यांदा फोडणाऱ्यांसाठी हे आहे. प्लंबिंगचं काही येत नसलं तरी अडत नाही. पाइप जोडायचं काम प्लंबरचंच, पण बाजू बरोबर आल्यात का हे घरातल्या माणसाने भिंत उघडी असताना स्वतः जाऊन पाहायलाच हवं.

नियम

नळाकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला गरम, उजव्या हाताला गार. बाथरूममधला मिक्सर, शॉवर, वॉश बेसिन, स्वयंपाकघरातलं सिंक, सगळीकडे हेच. एका दांडीचा मिक्सर असेल तर दांडी डावीकडे नेली की गरम, उजवीकडे नेली की गार. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमावल्यांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आपल्या बाजारात मिळणारे मिक्सर, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा तोटीकडे वळवणारी चावी) याच हिशेबाने बनलेले असतात. त्यामुळे ही बाजू आपल्या आवडीनुसार ठरवायची सोय आता उरलेली नाही. लाल-निळ्या खुणा कारखान्यातूनच लागून येतात.

असं का, याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं. घरात आधी एकच नळ होता, गार पाण्याचा, आणि तो बहुतेकांच्या उजव्या हाताला सोयीचा पडेल असा बसवलेला असायचा. गरम पाणी मागाहून आलं, त्याला उरलेली डावी बाजू मिळाली. हे कारण मला पटतं. पण खरं महत्त्व आहे ते सगळीकडे एकच पद्धत असण्याला.

आजीच्या न्हाणीघरात बंब होता. खालच्या तोटीतून कढत पाणी घंगाळात यायचं आणि शेजारच्या हंड्यातलं गार पाणी तांब्याने घालून विसण करायचं. तिथे डावं-उजवं काही नव्हतं. तांब्याचा तापलेला बंब समोर दिसायचा, खालचे निखारे दिसायचे, आणि लहान मूलही त्याच्यापासून हातभर लांब उभं राहायचं. आता भिंतीतून सारख्या दिसणाऱ्या दोन चाव्या बाहेर येतात आणि त्यांतली कढत कुठली हे हाताला पाठ असावं लागतं. मोतीबिंदू झालेल्या माणसाला ठिपक्याचा रंग नीट दिसत नाही. दोन वर्षांच्या पोराला लाल म्हणजे गरम हे कळत नाही. डोळ्यांत साबण गेलेल्या कुणालाच काही दिसत नाही. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीलाही काही सेकंदांत भाजतं, मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी त्याहून नाजूक. आणि आपल्याकडचे बरेच गिझर साठच्या वरही पाणी तापवतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक: पाठीला पाठ लावलेली बाथरूम

फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा दोन बाथरूमच्या मधे एकच भिंत असते. पाइप वाचावा म्हणून प्लंबर त्याच भिंतीत गरम-गाराची एक जोडी आणतो आणि तिथूनच दोन्ही बाजूंना तोंडं काढतो. काम सुटसुटीत दिसतं. पण दाराची बिजागरी आठवून बघा: बाहेरून डावीकडे दिसते ती आतून उजवीकडे येते. भिंतीतल्या पाइपांचं तसंच होतं. एका बाथरूममध्ये गरम डावीकडे आलं की पलीकडच्या बाथरूममध्ये तोच पाइप उजवीकडे येणार, यातून सुटका नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मुलांचं बाथरूम बरोबर आलं, आईचं उलटं.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायचा असतो. दोन्हींपैकी एका बाजूला पाइप एकमेकांना ओलांडून घ्यावे लागतात. त्याला तीन-चार एल्बो (पाइप वळवायचे काटकोनी जोड) जास्त लागतात आणि तासभराचं काम वाढतं. ओलांडणी कुठे करायची हे मात्र नीट ठरवा. चार इंची भिंतीत एकावर एक दोन पाइप बसवायचे तर झिरी (पाइपासाठी भिंतीत कोरलेली खाच) खोल मारावी लागते, आणि पलीकडच्या बाजूनेही झिरी असेल तर भिंतीत काही उरतच नाही. म्हणून ओलांडणी वर, फॉल्स सीलिंगच्या आत करून घ्यावी. तिथे पाइप उघडे असतात आणि पुढे कधी गळती झालीच तर टाइल फोडावी लागत नाही.

प्लंबरला पहिल्याच दिवशी एवढं सांगा: "दोन्ही बाथरूममध्ये नळाकडे तोंड करून उभं राहिल्यावर गरम डाव्या हाताला यायला हवं." नुसतं "गरम डावीकडे घ्या" सांगू नका. तो भिंतीच्या कुठल्या बाजूला उभा राहून ऐकतोय यावर त्याचं डावं ठरतं.

पहिली पायरी: गिझरची जागा

मिक्सरच्या आधी गिझर कुठे लागणार हे ठरवा. भिंतीवर उभा टांगायच्या साठवणीच्या गिझरला खाली दोन तोंडं असतात. समोरून पाहिलं तर साधारणपणे डावीकडचं लाल, म्हणजे गरम पाणी बाहेर येण्याचं, आणि उजवीकडचं निळं, म्हणजे गार पाणी आत जाण्याचं. मिक्सर त्याच भिंतीवर, गिझरच्या खाली असला तर दोन्ही पाइप सरळ खाली उतरतात आणि बाजू आपोआप बरोबर येतात. शक्य असेल तिथे हीच मांडणी निवडा. गिझर समोरच्या भिंतीवर किंवा माळ्यावर असेल, किंवा आडवा असेल, तर आपोआप काही होत नाही. आडव्या गिझरची तोंडं वेगळ्या जागी असतात, तेव्हा तो आधी विकत आणून खोक्यातला कागद प्लंबरच्या हातात द्यावा.

दुसरी पायरी: भिंतीवर आखणी

तयार फरशीची पातळी भिंतीवर खडूने आखून घ्या, कारण सगळी उंची तिथून मोजायची आहे, उघड्या स्लॅबवरून नाही. मग घरातली आंघोळीची बादली घेऊन जा आणि त्या पातळीच्या हिशेबाने विटांवर उभी करा. तोटीची धार बादलीत पडली पाहिजे, बादली सहज उचलता आली पाहिजे. घरात कुणी स्टुलावर बसून आंघोळ करत असेल तर त्यांना खरंच तिथे बसवा आणि हात पुढे करायला सांगा. हात जिथे पोचेल ती चावीची जागा. कागदावरच्या मापापेक्षा हे माप जास्त कामाला येतं.

भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर, म्हणजे ६ इंच अंतर असतं. दोन्ही एका पातळीत हवीत. पाणसळ लावून स्वतः बघा. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर मिक्सरबरोबर येणारे वाकडे लेग (भिंतीतलं तोंड आणि मिक्सर जोडणारे तुकडे) फिरवून जमवता येतं, त्याहून जास्त चुकलं तर मिक्सर तिरकाच बसतो आणि जोड कायम गळत राहतो.

आता खुणेविषयी, आणि हे नीट वाचा. मराठीत "गरम" आणि "गार" दोन्ही ग-नेच सुरू होतात. माझ्या मावसभावाच्या घरी मिस्त्रीने भिंतीवर नुसतं "ग" लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री आला, त्याने ते गार समजून जोडलं. शिवाय भारतभर काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात. कामात पक्के असतात, पण आपलं मराठी अक्षर त्यांनी वाचावं ही अपेक्षा बरोबर नाही. म्हणून अक्षरं लिहूच नका. लाल आणि निळ्या ऑइल पेंटच्या छोट्या डब्या आणा आणि विटेवर तळहाताएवढे दोन ठिपके द्या, डावा लाल, उजवा निळा. खडू पाण्याने पुसला जातो, पेंट राहतो.

तिसरी पायरी: पाइप

हल्ली गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरतात. फिकट पिवळसर रंगाचा असतो, त्यावर आयएस १५७७८ असं छापलेलं असतं, आणि तो ९० अंशांच्या आसपासचं पाणी सोसतो. पांढरा यूपीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण तो गार पाण्यासाठी आहे. त्यातून गिझरचं पाणी नेलं तर तो नरम पडतो, जोड सुटतात. बाजू चुकण्याचा धोका इथे दुपटीने वाढतो. प्लंबरने पैसे वाचवायला गाराची लाइन यूपीव्हीसीची घेतली आणि पुढे कुणी जोडणी उलटी केली, तर कढत पाणी नेमकं त्या पाइपात शिरतं. माझं मत स्पष्ट आहे: भिंतीच्या आतला प्रत्येक पाइप सीपीव्हीसीचा घ्यावा. पाइपातला फरक एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. जोडायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच असावं, डबा मागून घेऊन वाचा.

दोन्ही लाइनी सीपीव्हीसीच्या म्हणजे दोन्ही दिसायला सारख्या. म्हणून गरमच्या पाइपाला दर दोन-अडीच फुटांवर लाल चिकटपट्टीचा वेढा द्यायला लावा. विजेच्या कामाची साधी लाल पट्टी चालते. आडवे पाइप जात असतील तर गरमचा वर आणि गाराचा खाली ठेवायला सांगा, दोन्हींत थोडं अंतर ठेवून. चिकटून गेले की गार पाणीही कोमट होतं.

हेल्थ फॉसेट, फ्लश टँक आणि वॉशिंग मशीन गाराच्याच लाइनवर. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण हेल्थ फॉसेट चुकून गरमवर जोडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून लिहितो.

चौथी पायरी: झिरी बुजवण्याआधीची तपासणी

सबंध कामातली हीच वेळ सोडू नका. एका दिवसाची रजा टाकावी लागली तरी टाका.

पाइपांच्या सगळ्या तोंडांना प्लग लावलेले असतील. प्लंबरला गाराच्या लाइनमध्ये पाणी सोडायला सांगा, गिझरच्या जागेची दोन्ही तोंडं बंद ठेवून. मग मिक्सरच्या जागेचा उजवा प्लग सैल करा, पाणी यायला हवं. घट्ट करा. डावा सैल करा, काहीही यायला नको. डावीकडून पाणी आलं तर बाजू उलट्या आहेत किंवा कुठेतरी दोन लाइनी एकमेकींना जोडल्या गेल्यात. प्रत्येक बाथरूममध्ये, बेसिनपाशी, सिंकपाशी हेच करा. घरात वीज नसली, गिझर आलेला नसला तरी ही परीक्षा होते. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

त्यानंतर हातपंपाने दाब भरून प्रेशर टेस्ट. काटा जिथे असेल तिथे फोनने फोटो काढा आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय.

मग टेप पसरून भिंतीचे फोटो काढा. टेपची एक कड कोपऱ्याला, दुसरी फरशीच्या रेघेला, म्हणजे कुठला पाइप कुठून गेलाय हे इंचात कळेल. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी ठोकताना हे फोटो कामाला येतात. आमच्या घरी दुसऱ्या वेळी हे फोटो होते, त्यामुळे शॉवरचा काचेचा दरवाजा बसवताना ड्रिलने पाइप फुटला नाही.

पाचवी पायरी: टाइल्स आणि मिक्सर

टाइल लावणाऱ्याला सांगा की मिक्सरच्या तोंडाशी पितळी एल्बोची कड टाइलच्या पृष्ठभागाला बरोबर लागली पाहिजे. आत राहिली तर जोडतुकडा घालावा लागतो, बाहेर आली तर मिक्सरची चकती भिंतीला टेकत नाही आणि त्या फटीतून पाणी भिंतीत मुरतं. टाइल्स लागेपर्यंत तोंडांमध्ये लांब प्लग ठेवा. डाव्या प्लगला लाल रंग लावलेला असला तर टाइल्सखाली खुणा झाकल्या गेल्या तरी बाजू लक्षात राहते.

मिक्सर लावताना प्लंबर लेगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतो. तेव्हा तुम्ही एवढंच बघा की चाव्यांच्या लाल-निळ्या टोप्या कुणी अदलाबदल करत नाहीये. उलटे पाइप लपवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, अर्ध्या मिनिटात होतो, आणि ठिपका पाहून गरम पाणी मिळालं की घरमालकाला संशयही येत नाही.

सहावी पायरी: गिझर

गिझरच्या आत दोन नळ्या असतात. गार पाण्याची नळी टाकीच्या तळाशी पाणी सोडते, गरमची नळी टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी वर राहतं. जोडणी उलटी झाली तर गार पाणी वरून पडून गरममध्ये मिसळतं आणि नळाला तळाचं पाणी येतं. गिझर चालू, वीज जळतेय, पण बादलीभर धड गरम पाणी मिळत नाही, अशी तक्रार नव्या घरात आली की आधी ही जोडणी बघावी. यात आणखी एक धोका असतो. वरच्या टाकीचं पाणी संपलं तर तळाच्या नळीतून गिझर रिकामा होऊ शकतो आणि आतली कॉइल कोरडी तापून जळते.

सेफ्टी व्हॉल्व्ह गाराच्या, म्हणजे निळ्या तोंडाला लागतो, त्यावरचा बाण गिझरकडे. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब गळणं हे त्याचं कामच आहे. तापलेलं पाणी फुगतं, ते कुठेतरी जायला हवं. वैतागून ते भोक बंद करणारे लोक आहेत. कृपा करून तसं कधीही करू नका, टाकी फुटू शकते. छोटी नळी लावून ते पाणी मोरीच्या जाळीकडे सोडा.

थर्मोस्टॅट पन्नासच्या आसपास ठेवला तर आंघोळीला पुरतं. घरात लहान मूल असेल तर याबाबतीत कुणाचं ऐकू नका, कमीच ठेवा.

सातवी पायरी: ताबा घेताना

फ्लॅट तयार मिळतोय, पाइप बघायची संधी नव्हती, तर ही परीक्षा करा. गिझरखालचा गार पाण्याचा अँगल कॉक (पाणी बंद करायची छोटी चावी) बंद करा. आता कुठल्याही मिक्सरची डावी चावी सोडली तर पाणी थोड्याच वेळात थांबायला हवं, उजवी चालूच राहायला हवी. डावी वाहत राहिली आणि उजवी थांबली, तर पाइप उलटे आहेत. ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी हे लेखी कळवा, दुरुस्ती तेव्हाच करून मिळते.

उलटं झालंच असेल तर

बेसिन किंवा सिंक असेल तर काळजी नको. खाली दोन अँगल कॉक आणि दोन लवचीक कनेक्शन पाइप असतात. कॉक बंद करा, दोन्ही पाइप सोडवून एकमेकांच्या जागी लावा. पोचत नसतील तर लांब पाइप आणा, स्टीलच्या जाळीचेच घ्या. हे घरातलं कुणीही करू शकतं.

भिंतीतल्या मिक्सरचं तसं नाही. आधी गाराच्या लाइनमधून गिझरला जाणारा टी (तीन तोंडांचा जोड) कुठे आहे ते शोधा. तो फॉल्स सीलिंगमध्ये किंवा गिझरपाशी उघड्यावर असेल तर तिथून खाली उतरणाऱ्या दोन पाइपांची अदलाबदल होऊ शकते आणि एकही टाइल फुटत नाही. एका दांडीच्या काही मिक्सरमध्ये आतलं कार्ट्रिज (गरम-गार पाणी मिसळणारा भाग) उलटं बसवूनही बाजू बदलता येते. आपल्या मिक्सरमध्ये ते होतं का, हे कंपनीच्या माणसाकडून विचारून घ्या, जबरदस्ती करू नका. यातलं काहीच शक्य नसेल तर मिक्सरभोवतीच्या टाइल्स काढाव्या लागतात. आमच्या सहा काढल्या. त्या डिझाइनचा माल संपला होता, म्हणून तिथे गडद रंगाची उभी पट्टी घेतली. दुरुस्ती होईपर्यंत टोप्या बदलून ठेवा, गिझर कमी तापमानावर आणा, आणि घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, तोंडाने सांगा.

सोलर असेल तर

पुण्यात, नाशकात अनेक सोसायट्यांमध्ये सोलरचं गरम पाणी वेगळ्या पाइपाने येतं. म्हणजे बाथरूममध्ये तीन लाइनी: सोलर, गिझर आणि गार. तीन वेगळे नळ ठेवणार असाल तर दोन्ही गरम डावीकडे आणि गार सगळ्यात उजवीकडे ठेवा. मधे गार आणि दोन बाजूंना गरम अशी मांडणी मी पाहिली आहे, ती धोक्याची आहे.

सोलर मिक्सरला जोडताना दाबाचा विचार करावा लागतो. सोलरचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसतं उंचीच्या जोरावर उतरतं. वरच्या मजल्यावर दाब कमी म्हणून कुणी फक्त गाराच्या लाइनला पंप बसवला, तर मिक्सरमध्ये गार पाणी गरमला मागे ढकलतं. चावी सोडली तरी गरम येत नाही, उलट गार पाणी सोलरच्या पाइपात चढतं आणि कधी कधी गच्चीवरच्या हवेच्या नळीतून सांडताना दिसतं. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवला की पाणी मागे जायचं थांबतं, पण गरम पाणी यायला दोन्हींचा दाब सारखाच लागतो. पंप दोन्हींना हवा, नाहीतर सोलरचा नळ वेगळा ठेवा.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

अनेक आईवडील मुलांकडे जाऊन राहतात, तिथल्या बाथरूममध्ये पहिले दोन दिवस गोंधळ होतो. बाजू तीच आहे, डावीकडे गरम, आणि आपल्या सवयीवर विसंबता येतं. अक्षरांवर मात्र विसंबू नका. इंग्रजीत सी म्हणजे कोल्ड, गार. फ्रान्समध्ये सी म्हणजे शो, इटलीत काल्दो, स्पेनमध्ये कालिएंते, आणि या तिन्ही शब्दांचा अर्थ गरम. तिथे गार पाण्यावर एफ असतं. कॅनडात क्युबेकमध्येही फ्रेंच अक्षरं दिसतात.

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत बेसिनला दोन वेगवेगळे नळ असतात, मिक्सर नसतो. गार पाणी थेट मुख्य लाइनचं आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून आलेलं, दोन्ही मिसळू नयेत म्हणून ती पद्धत पडली. तिथे वाहत्या धारेखाली हात न धरता बेसिनला बूच लावून पाणी साठवायचं आणि त्यात विसण घालायचं. आजीच्या घंगाळाची सवय असलेल्यांना हे लगेच जमतं.

युरोपात शॉवरला आडव्या नळकांड्यासारखा थर्मोस्टॅटिक मिक्सर असतो. त्याची एक चावी पाण्याचा जोर ठरवते, दुसरी तापमान. तापमानाच्या चावीवर ३८ अंशांशी एक छोटं बटण असतं. ते दाबल्याशिवाय चावी पुढे फिरत नाही. तसा मिक्सर तुम्ही इथे आणून लावणार असाल तर गरमचा पाइप डावीकडेच हवा. उलटा जोडला तर आतला थर्मोस्टॅट नीट काम करत नाही आणि ३८च्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही.